‘एओमेर’ की ‘गेओमोर’? मौखिक परंपरेने अँग्लो-सॅक्सन काव्यातले नेमके काय जपले?

जुनी वही (धागालेखक)

काही दिवसांपूर्वी एका वेगळ्याच विषयावरच्या चर्चेत ‘बेओवुल्फ’चे नाव निघाले आणि कुणीतरी ओघात लिहून गेले की, इंग्रजीतले हे आद्य काव्य कित्येक शतके लोकांच्या तोंडी होते आणि पुढे एका मठात ते जसेच्या तसे उतरवून घेतले गेले. तिथे विषयांतर नको म्हणून मी काही लिहिले नाही, पण ‘जसेच्या तसे’ या शब्दांपाशी मी अडकून पडलो आहे. मौखिक परंपरेने हे वाङ्मय जपले, असे आपण नेहमी वाचतो. तिने जपले हे मलाही मान्य आहे. काय जपले, हा प्रश्न मात्र त्या वाक्यात झाकला जातो, म्हणून हा स्वतंत्र धागा.

सुरुवात एका चुकीपासून करतो. ‘बेओवुल्फ’चे एकच हस्तलिखित उपलब्ध आहे आणि ते इ.स. १००० च्या आसपास दोन लेखनिकांनी मिळून लिहिले. त्यातल्या १९६० व्या ओळीत ‘गेओमोर’ असा शब्द आहे, ज्याचा अर्थ ‘खिन्न’ असा होतो. संदर्भ ऑफा या प्राचीन अँगल राजाच्या वंशाचा आहे, त्यामुळे ओळ लिहिली आहे तशीच वाचली तर ‘त्याच्यापासून खिन्न जन्मला’ असे काहीतरी विचित्र हाती लागते. आता या काव्याचा नियम असा की, प्रत्येक ओळीचे दोन अर्ध असतात, प्रत्येक अर्धात साधारण दोन ठिकाणी आघात येतो, आणि दुसऱ्या अर्धातला पहिला आघात ज्या ध्वनीवर पडतो त्याच ध्वनीने पहिल्या अर्धातला निदान एक आघाताचा शब्द सुरू व्हावाच लागतो. ध्वनी स्वर असेल तर कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळतो. या ओळीच्या पहिल्या अर्धात ‘एथेल’, म्हणजे वतनाची भूमी, हा शब्द आहे. त्याला जोडीदार म्हणून पुढे स्वरानेच सुरू होणारा शब्द हवा, तिथे ‘ग’ चालत नाही. त्या जागी ‘एओमेर’ हे विशेषनाम ठेवले की ओळही जुळते आणि अर्थही लागतो. शिवाय मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याच्या राजांच्या वंशावळीत ऑफाच्या पुढच्या पिढ्यांमध्ये एओमेर हे नाव खरोखरच येते.

ही चूक मला फार बोलकी वाटते. काव्य रचले गेले तेव्हा एओमेर कोण हे ऐकणाऱ्यांना सांगावे लागत नव्हते, आणि ज्याने ही प्रत केली त्याच्या कानावर मात्र ते नाव कधी पडले नसावे. त्याने जवळपास तसाच दिसणारा, ओळखीचा शब्द लिहिला आणि तो पुढे गेला. म्हणजे तोंडी परंपरेतली स्मृती तोवर तुटली होती. पण त्या परंपरेने घडवलेला छंद कागदावर, खरे तर चर्मपत्रावर, शाबूत होता आणि हजार वर्षांनंतर त्यानेच चोर पकडून दिला. (१२६१ व्या ओळीत पहिल्या लेखनिकाने ‘काइन’च्या जागी ‘काम्प’, म्हणजे लढाई, असे लिहून ठेवले आहे. तिथे आरंभीचा ध्वनी एकच असल्याने छंद कुरकुर करत नाही, चूक केवळ अर्थावरून कळते. बायबलातल्या पहिल्या खुन्याचे नाव ख्रिस्ती लेखनिकाने चुकवावे, याचे मात्र नवल वाटते.)

आता दुसरे टोक पाहू. नॉर्थंब्रियातल्या व्हिट्बी येथे हिल्ड या मठाध्यक्षा असताना, म्हणजे ६५७ ते ६८० या काळात, केडमन नावाचा एक गुराखी होता. त्याची हकिकत बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या लॅटिन इतिहासात दिली आहे. मेजवानीत तंतुवाद्य एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असे आणि ज्याच्या हाती ते येईल त्याने गायचे, अशी रीत होती. केडमनला गाता येत नसे, त्यामुळे वाद्य जवळ येताना दिसले की तो उठून घरी जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात निजला असता स्वप्नात त्याला ‘सृष्टीच्या उत्पत्तीचे गाणे म्हण’ अशी आज्ञा झाली आणि त्याने कधीही न ऐकलेले शब्द म्हटले. स्वप्नाचा भाग ज्याने त्याने आपापल्या परीने घ्यावा. मला महत्त्वाची वाटते ती पुढची माहिती: मठातले विद्वान त्याला पवित्र ग्रंथातली कथा समजावून सांगत, आणि तो ती मनात घोळवून, रवंथ करणाऱ्या शुद्ध प्राण्याप्रमाणे, सकाळी गोड पद्यात परत देई. बीडच्या शब्दांत, त्याचे शिक्षकच त्याचे श्रोते होत.

बीडच्या इतिहासाचे पुढे जुन्या इंग्रजीत भाषांतर झाले आणि त्यात याच वाक्यात एक बारीक फरक पडला. तिथे शिक्षक नुसते ऐकत नाहीत, तर ‘त्याच्या तोंडून लिहून घेत आणि शिकत’ असे म्हटले आहे. लॅटिनमध्ये फक्त कान आहेत, इंग्रजीत लेखणी आली. दोन मजकुरांमध्ये दीडएकशे वर्षे गेली असतील. तेवढ्यात कवितेने जाण्याची स्वाभाविक वाट कोणती, याविषयीची लोकांची समजूतच बदललेली दिसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, मौखिक परंपरेने संहिता जपल्या नाहीत. तिने कसब जपले, नावे जपली, कथांचे सांगाडे जपले आणि ठरीव शब्दबंधांचे एक मोठे भांडार जपले, ज्याला ते लोक स्वतःच ‘वर्डहोर्ड’, म्हणजे शब्दांची ठेव, म्हणत. संहिता म्हणून आज ज्या सुमारे ३०,००० ओळी आपल्याकडे आहेत त्या बहुतांशी चार हस्तलिखितांच्या आणि मठांच्या कृपेने आहेत. जाणकारांनी खोडून काढावे.


कोरांटी

लेख आवडला, पण ‘संहिता जपल्या नाहीत’ हे फार ठाम वाटते. ‘विडसिथ’सारख्या रचनेचे काय? त्या १४३ ओळींमध्ये राजांची आणि जमातींची नुसती यादीच आहे, आणि यादी ही काही प्रत्येक गायकाने आपल्या मनाने नव्याने रचायची गोष्ट नव्हे. ती पाठच करावी लागते. चौथ्या शतकात वारलेल्या गॉथ राजा एओर्मनरिकपासून ५७२ मध्ये मारल्या गेलेल्या लँगोबार्ड राजा आल्बोइनपर्यंतची नावे त्यात आहेत आणि विडसिथ हा काल्पनिक गायक आपण या दोघांच्याही दरबारी होतो असे सांगतो. दोनशे वर्षे जगणारा माणूस आपण सोडून देऊ, पण नावे तर टिकली ना? मग निदान याद्यांपुरते तरी शब्दशः जतन झाले असे म्हणायला काय हरकत आहे?


जुनी वही

कोरांटीताई, तुम्ही माझ्या विधानाच्या सगळ्यात कमकुवत जागी बोट ठेवलेत. याद्यांच्या बाबतीत मी माघार घेतो, मात्र पूर्ण नाही. त्या यादीतल्या तीन ओळी देवनागरीत अशा लिहिता येतील:

एट्ला वेओल्ड हूनुम, एओर्मनरिक गोतुम,
बेक्का बानिंगुम, बुर्गेंडुम गिफिका,
कासेरे वेओल्ड क्रेआकुम आणि काएलिक फिन्नुम.

(तिसऱ्या ओळीतले ‘आणि’ माझे आहे.) अर्थ सरळ आहे. हूणांवर अ‍ॅटिलाचे, गॉथांवर एओर्मनरिकचे, बानिंगांवर बेक्काचे, बर्गंडीयांवर गिफिकाचे, ग्रीकांवर सीझरचे आणि फिन्नांवर काएलिकचे राज्य होते. दुसरी ओळ मोठ्याने वाचून पाहा. ब, ब, ब अशी साखळी आहे, त्यामुळे बेक्का विसरला तर बानिंग आठवतात आणि बानिंग विसरले तर बुर्गेंड मदतीला येतात. गिफिका शेवटच्या आघातावर आहे आणि तो आघात नियमाने साखळीबाहेर असतो, म्हणून त्या नावाला छंदाचा आधार नाही. तरीही ते नीट टिकले, हे आपल्याला बाहेरून तपासता येते, कारण बर्गंडी राज्याच्या लॅटिन कायदेसंहितेत पूर्वज राजांमध्ये ‘गिबिका’ हे नाव आहे. म्हणजे इंग्लंडात, मुख्य भूमीपासून दूर, कित्येक पिढ्यांनंतर एक नाव जवळपास अचूक उरले. हे यश मोठे आहे, यात वाद नाही.

पण यादी जपली गेली आणि यादीमागची कथा गळाली, हेही तितकेच खरे. बेक्का बानिंगांवर राज्य करत होता, एवढेच ती ओळ सांगते. ऐकणाऱ्यांपैकी निदान काहींना त्यापुढची गोष्ट ठाऊक असणार, नाहीतर यादी म्हणण्यात गंमत काय? आपल्या हातात कुलुपे आली आहेत, किल्ल्या नाहीत.


सह्यकडा

या चर्चेत मौखिक काव्याचे अभ्यासक मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांचा उल्लेख अजून कसा आला नाही? पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गुस्ले या तंतुवाद्यावर गाणाऱ्या गायकांची गाणी ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित करत हिंडला. अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्यांना १२,००० हून अधिक ओळींचे एकच गाणे सांगितले. तिथे असे दिसले की, गायक आपण ‘शब्द न् शब्द तोच’ गातो अशी शपथ घेतो आणि मुद्रिते शेजारी ठेवली की ओळी वेगळ्या निघतात. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी ‘शब्द’ म्हणजे कथेतला एक पूर्ण प्रसंग किंवा वाक्य असते, छापील शब्द नव्हे.

हाच विचार फ्रान्सिस मॅगून यांनी १९५३ मध्ये जुन्या इंग्रजी काव्याला लावला. ‘बेओवुल्फ’च्या पहिल्या २५ ओळी घेऊन त्यांनी दाखवले की, त्यातला सुमारे ७० टक्के मजकूर त्याच किंवा मिळत्याजुळत्या रूपात इतर जुन्या इंग्रजी काव्यांत सापडतो. ‘बेओवुल्फ माथेलोदे, बेअर्न एज्थेओवेस’, म्हणजे ‘बेओवुल्फ बोलला, एज्थेओवचा पुत्र’, ही ओळ काव्यात पुन्हा पुन्हा येते, कारण तेवढ्या वेळात गायकाला पुढचे सुचते. याचा अर्थ ही काव्ये गाता गाताच रचलेली आहेत. तेव्हा धागालेखकांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे. उलट मी म्हणेन की त्यांनी हात आखडता घेतला आहे.


शब्दवेध

सह्यकडा, तुमचा प्रतिसाद १९६६ च्या आधीचा आहे, असे नम्रपणे म्हणावे लागेल! त्या वर्षी लॅरी बेन्सन यांनी मॅगून यांच्या तर्कातली फट दाखवून दिली. ठरीव शब्दबंध जास्त म्हणून रचना मौखिक, असे धरले तर ‘फिनिक्स’ या जुन्या इंग्रजी काव्याचे काय करायचे? त्याचा पूर्वार्ध लॅक्टँटियसच्या नावावरच्या लॅटिन कवितेवर बेतलेला आहे, म्हणजे कवीसमोर लिखित संहिता होती. बोएथियसच्या ग्रंथातली पद्ये तर आणखी अडचणीची आहेत, कारण ती आधीच्या इंग्रजी गद्य भाषांतरावरून पद्यात बांधली गेली. कुणीतरी गद्याचे पान पुढ्यात ठेवून, लेखणी हातात घेऊन, बसून केलेले हे काम आहे. आणि या रचनांमध्येही ठरीव शब्दबंधांचे प्रमाण ‘बेओवुल्फ’इतकेच भरते.

म्हणून शब्दबंध हे तोंडी रचनेचा पुरावा नसून तोंडी घराण्याचा पुरावा आहेत, असे मी म्हणेन. मठात बसून लिहिणाऱ्या कवीलाही पद्य म्हटले की तीच बोली येत होती, दुसरी उपलब्धच नव्हती. ‘बेओवुल्फ’ कुणी गाऊन सांगितला की लिहून काढला, हा प्रश्न त्याच्या ओळी मोजून सुटत नाही.


उंबरठा

मी या विषयात नवखा आहे. आपल्याकडे वेद हजारो वर्षे एका स्वराचाही फरक न होता तोंडी राखले गेले. मग मौखिक परंपरा संहिता जपत नाही, हे सार्वत्रिक विधान कसे करता येईल?


जुनी वही

उंबरठा, सार्वत्रिक विधान मी करत नाही, ते अँग्लो-सॅक्सनांपुरतेच आहे. वेदपठणात पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी शब्द उलटसुलट फिरवून पक्के करण्याची स्वतंत्र यंत्रणा आहे आणि त्यासाठी वर्षानुवर्षे शिकवणारे गुरू आहेत, कारण तिथे शब्द बदलला तर विधीच बिघडतो. इंग्लंडातल्या दरबारी गायकावर, म्हणजे ‘स्कोप’वर, असे बंधन होते याची काही खूण नाही. त्याची तुलना करायचीच तर शाहिराशी करावी, ज्याला प्रसंग आणि नावे पक्की ठाऊक असतात आणि समोरचा फड पाहून जो कडवे लांबवतो. याहून पुढे ही तुलना मी ताणणार नाही.

स्कोप काय करत असे, याचे वर्णन ‘बेओवुल्फ’मध्येच आहे. बेओवुल्फने ग्रेन्डेल या राक्षसाला मारल्यानंतरच्या सकाळी लोक तळ्यापर्यंत माग काढत जातात आणि परत येताना घोड्यांवर बसल्या बसल्याच राजाच्या पदरचा एक माणूस आदल्या रात्रीच्या पराक्रमावर गीत बांधतो. ८६७ व्या ओळीपासून कवी त्याचे वर्णन असे करतो की, त्याला जुन्या आख्यायिकांचा मोठा साठा स्मरत होता, आणि त्याला ‘दुसरे शब्द सापडले, नीट बांधलेले’. जुने स्मरण आणि नवे शब्द ही दोन्ही एकाच वाक्यात, एकाच माणसाच्या अंगी आहेत. आणि तो लगेच सिगेमुंडच्या ड्रॅगनवधाची जुनी कथा त्याच दमात सांगू लागतो. बारा तासांपूर्वीच्या घटनेला शेजार म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. शब्दवेध यांचे ‘घराणे’ हा शब्द मला इथे नेमका वाटतो. घराण्यात बंदिश असते, पण मैफल रोज वेगळी होते.


दूरदेशी

मी कामानिमित्त इंग्लंडात राहते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात अँग्लो-सॅक्सन राज्यांवर एक प्रदर्शन भरले होते आणि त्यात जुन्या इंग्रजी काव्याची चारही प्रमुख हस्तलिखिते एकत्र पाहायला मिळाली. त्यातले एक एरवी उत्तर इटलीतल्या वेर्चेल्लीत असते, एक ऑक्सफर्डला आणि एक एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये. मी दोनदा गेले.

‘बेओवुल्फ’चे पान पाहिल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती त्याचा लहान आकार, आणि मग त्याच्या कडा. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली, त्यात कॉटन संग्रहातली अनेक पुस्तके जळाली आणि हे कडेकडेने होरपळले. कडा ठिसूळ होऊन अक्षरे गळू लागली, म्हणून १८४५ मध्ये प्रत्येक पान कागदाच्या चौकटीत बसवले गेले. चौकटीने पान वाचले, पण तिच्याखाली काही अक्षरे झाकली गेली. आज त्यातली कित्येक अक्षरे आपल्याला ठाऊक आहेत ती आइसलंडचा थोर्केलिन १७८० च्या दशकात तिथे आला आणि त्याने दोन नकला मिळवल्या म्हणून. एक त्याने भाडोत्री नकलकाराकडून करवून घेतली आणि दुसरी स्वतः केली. त्या नकलकाराला भाषा येत नव्हती, त्यामुळे तो अक्षरांची चित्रे काढावीत तसा उतरवत गेला, आणि म्हणूनच त्याची नकल काही ठिकाणी अधिक भरवशाची मानतात. थोर्केलिनला भाषा थोडी कळत होती, तेवढ्याने तो चुका ‘सुधारत’ गेला.

एक्सेटरच्या पुस्तकाची दशा वेगळीच आहे. १०७२ मध्ये वारलेल्या बिशप लेओफ्रिक यांनी ते कॅथेड्रलला दिले. त्यांच्या देणग्यांच्या यादीत ‘पद्यात रचलेल्या नाना गोष्टींचे एक मोठे इंग्रजी पुस्तक’ अशी जी नोंद आहे, ती याच पुस्तकाची मानतात. पुढे ती भाषा कुणाला वाचता येईना. आरंभीच्या पानांवर सुरीचे घाव आहेत, कशाचे तरी भांडे ठेवल्याचा गोल डाग आहे आणि शेवटची पाने जळत्या कोलिताने आरपार भाजली आहेत. ‘विडसिथ’, ‘डेओर’ आणि नव्वदहून अधिक कोडी ज्या एकाच पुस्तकामुळे आपल्यापर्यंत आली ते काही काळ पाटासारखे वापरले गेले असावे. त्या काचेसमोर उभे राहिल्यावर तोंडी परंपरा बेभरवशाची आणि लिखित परंपरा पक्की, हे मला काही पटेना.


कोरांटी

दूरदेशी, सुरीच्या घावांचे वाचून त्याच पुस्तकातले कसरीचे कोडे आठवले. कसर शब्द खाऊन गेली, अंधारातला चोर माणसाचे गीत आणि त्याचा भक्कम आधार गिळून बसला, आणि शब्द गिळूनही तो पाहुणा तसूभरही शहाणा झाला नाही. चर्मपत्रावरच्या गीताला कसर लागते, तोंडातल्या गीताला लागत नाही, असा टोमणा मला त्यात ऐकू येतो. आणि तो टोमणाही आपल्याला कळतो तो पुस्तकातूनच.


शब्दवेध

मठांनी जपले, या मुद्द्यावर एक भर घालतो, कारण मठांचा या गाण्यांशी असलेला संबंध सरळ नव्हता. ७९७ मध्ये अल्क्विन या इंग्रज विद्वानाने एका धर्मगुरूला पत्र लिहिले. त्याची तक्रार अशी की, धर्मगुरूंच्या पंगतीत वाचक ऐकू यावा, वीणावादक नव्हे. पूर्वाचार्यांची प्रवचने ऐकू यावीत, मूर्तिपूजकांची गाणी नव्हेत. ‘इंगेल्डचा ख्रिस्ताशी काय संबंध? घर अरुंद आहे, त्यात दोघे मावणार नाहीत.’ हा इंगेल्ड ‘बेओवुल्फ’मध्ये आणि ‘विडसिथ’मध्ये येतो. आता, तक्रार करावी लागली याचाच अर्थ धर्मगुरूंच्या भोजनात इंगेल्डची गाणी चालत होती! इंगेल्डवरचे स्वतंत्र काव्य आज उरलेले नाही. ते गायले जात होते याचा साक्षीदार म्हणजे ते बंद करू पाहणारा माणूस.

उलट बाजूने आल्फ्रेड राजाचे उदाहरण घ्या. ॲसर या बिशपाने ८९३ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात अशी हकिकत आहे की, आईने मुलांना सॅक्सन कवितांचे एक पुस्तक दाखवून ‘जो हे आधी शिकेल त्याला देईन’ असे सांगितले. पहिल्या अक्षराच्या सजावटीवर भाळून लहानग्या आल्फ्रेडने ते उचलले, शिक्षकाकडे नेले आणि परत येऊन आईपुढे म्हणून दाखवले. त्याला तेव्हा वाचता येत नव्हते, हे ॲसरच सांगतो. म्हणजे कविता पुस्तकातून शिक्षकाच्या तोंडी, तिथून मुलाच्या कानी आणि मुलाच्या तोंडून आईच्या कानी गेली. ही परंपरा मौखिक म्हणायची की लिखित? एकाच दुपारी ती दोन्ही होती.


सह्यकडा

शब्दवेध, बेन्सन यांचा मुद्दा मान्य. गाता गाताच रचली, हे माझे वाक्य मागे घेतो. पण मग केडमनच्या नऊ ओळी तरी आपण ‘तोंडातून उतरवलेल्या’ म्हणून धरायच्या ना? बीडने त्या दिल्या आहेत.


जुनी वही

सह्यकडा, इथे थोडी दुरुस्ती हवी. बीडने त्या ओळी इंग्रजीत दिलेल्या नाहीत. त्याने लॅटिनमध्ये भावार्थ दिला आणि वर सांगितले की, हा अर्थ आहे, शब्दांचा क्रम नव्हे, कारण कविता कितीही चांगली असली तरी एका भाषेतून दुसरीत शब्दशः नेताना तिची शोभा जाते. इंग्रजी ओळी येतात त्या त्याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांमध्ये, आणि त्याही वाटेकडेला. आठव्या शतकातल्या दोन जुन्या प्रतींपैकी केंब्रिजच्या प्रतीत त्या अखेरच्या पानावर आहेत आणि सेंट पीटर्सबर्गच्या प्रतीत पानाच्या तळाशी समासात. म्हणून काही अभ्यासकांनी असाही संशय घेतला आहे की, कुणीतरी बीडचा लॅटिन भावार्थ वाचून त्या इंग्रजीत परत बांधल्या. मला तो संशय पटत नाही. ज्या लेखनिकाला त्या ओळी आधीच पाठ होत्या त्यालाच लॅटिन उतरवताना समासात मूळ लिहिण्याची ऊर्मी येईल, असे वाटते. पण हे माझे वाटणे आहे, पुरावा नव्हे.

या स्तोत्राच्या पंधराव्या शतकापर्यंतच्या वीसहून अधिक प्रती आहेत, आणि जुन्या इंग्रजी काव्यात ही दुर्मीळ चैन आहे, कारण बहुतेक रचनांची एकेकच प्रत उरली आहे. पाचव्या ओळीत देवाने आकाशाचे छप्पर कुणासाठी घडवले, ते येते. सर्वांत जुन्या प्रतींमध्ये ‘एल्दा बार्नुम’ आहे, म्हणजे ‘माणसांच्या लेकरांसाठी’. नंतरच्या काही प्रतींमध्ये ‘एओर्थान बेअर्नुम’ आहे, म्हणजे ‘पृथ्वीच्या लेकरांसाठी’. दोन्ही शब्द स्वराने सुरू होतात, दोन्हींनी छंद भागतो, दोन्हींनी अर्थ लागतो. लॅटिन मजकुराच्या नकला करणारे हेच लेखनिक असे शब्द सहसा बदलत नसत. इंग्रजी पद्य आले की मात्र त्यांच्या आतला गाणारा माणूस जागा होई आणि डोळ्यांनी एक वाचून हात दुसरे, तितकेच रास्त, लिहून जाई. कॅथरीन ओब्रायन ओकीफ यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा सविस्तर मांडला आहे. केडमन मेल्यानंतर कित्येक पिढ्यांनी, मठाच्या लेखनशाळेत, चर्मपत्रावर मौखिक परंपरा अशी चालू होती.


दूरदेशी

हे वाचून एक शंका आली. आद्य ध्वनीचा पहारा ‘एओमेर’ वाचवतो, पण ‘माणसांची’ आणि ‘पृथ्वीची’ यांत फरक करू शकत नाही. मग विशेषनामांच्या बाबतीतही हा पहारेकरी कुठे झोपलेला सापडतो का?


जुनी वही

सापडतो, आणि त्यासाठी योगायोगाने एकच कथा दोन ठिकाणी हाती आली आहे. ‘बेओवुल्फ’मधल्या हेओरोट या राजमहालातल्या दरबारात स्कोप फिन्सबुर्हच्या लढाईची कथा गातो. ‘बेओवुल्फ’च्या कवीने ती सुमारे शंभर ओळींत आटोपती दिली आहे आणि लढाई संपल्यानंतरच्या शोकापासूनच ती सुरू होते. ऐकणाऱ्यांना आधीचे ठाऊकच होते. प्रत्यक्ष लढाईचे वर्णन मात्र वेगळ्या एका काव्याच्या ४८ ओळींमध्ये उरले आहे. त्याचे सुटे पान जॉर्ज हिक्स यांना लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्याच्या ग्रंथालयात मिळाले, त्यांनी ते १७०५ मध्ये छापले आणि त्यानंतर ते पान हरवले. आता आपल्याकडे फक्त छापलेले आहे.

दोन्हीकडे ह्नैफ, हेंगेस्ट, फिन ही नावे आहेत आणि गुथलाफही आहे. गुथलाफचा जोडीदार मात्र त्या सुट्या पानात ‘ऑर्डलाफ’ आहे आणि ‘बेओवुल्फ’च्या ११४८ व्या ओळीत ‘ऑस्लाफ’. पानातल्या ओळीत दुसऱ्या दाराशी उभ्या असलेल्या ऑर्डलाफचा स्वर ‘दुसऱ्या’ या अर्थाच्या ‘ओथ्रुम’ शब्दाशी जुळतो, पण तिथे ऑस्लाफही तितकाच जुळला असता. ‘बेओवुल्फ’मधल्या ओळीत साखळी ‘ग’ची आहे, ती गुथलाफपाशी पुरी होते, आणि ऑस्लाफ शेवटच्या आघातावर, पहाऱ्याच्या बाहेर उभा आहे. त्या दाराशी त्या रात्री नक्की कोण होते, ते छंदाला विचारून उपयोग नाही.